सही अडलीय ती कशापाशी?

(पत्र बरंच मोठं होतं. इथे थोडक्यात देत आहे.)

"आम्ही तीन भावंडं. मी थोरली, वय 51, चिंचवडला राहते, शाळेत शिकवते. माहेर बार्शीकडे. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. साडेचार एकर जमीन, एक विहीर, विहिरीपाशी चिंचेचं झाड. जमीन धाकटा भाऊ कसतो, आईही त्याच्याकडेच असते. गेल्या भाऊबीजेला तो आला तो हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊनच. मी ओवाळलं, त्यानं ताटात साडी ठेवली आणि जेवणं झाल्यावर पिशवीतून फाइल काढली. धाकटी बहीण सहीला तयार आहे. मी म्हटलं, 'दिवाळी होऊ दे, बघू.' आता शिमगा होऊन गेला. एरवी सहा-सहा महिने फोन न करणारा भाऊ आता दर रविवारी फोन करतो आणि दर रविवारी मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते.

मला जमीन नकोय. खरंच नकोय. मुलगी म्हणते, हक्क आहे, तत्त्वाचा प्रश्न आहे, सोडू नकोस. मिस्टर म्हणतात, तुझं तू ठरव. मी सगळ्यांना सांगते की त्यानं नीट विचारलं असतं तर मी त्याच दिवशी सही केली असती. पण रात्री झोप लागत नाही. हे तत्त्व-बित्त्व काही नसून हाव तर नाही ना? रस्ता रुंद झाल्यापासून तिकडे भाव वाढलेत. की जुना राग आहे? 1995 साली मला बी.एड.ला पाठवायला घरात पैसे नव्हते आणि पुढच्याच वर्षी भावाच्या डिप्लोमाला ते निघाले. तो त्यानं अर्धवट सोडला. मी लग्नानंतर, पदरात मूल असताना बी.एड. केलं.

माझा खरा हेतू मला एकदा कळला की मी सही तरी करीन नाहीतर सरळ नाही तरी म्हणेन. मन साफ झाल्याशिवाय काहीच करू नये असं वाटतं. स्वतःचा हेतू ओळखायचा कसा?"

– एक थोरली बहीण, चिंचवड

ताई,

पहिल्या वाचनात मीही तुमच्या बरोबरीनं शोधायला बसले. हाव, राग की तत्त्व? अठ्ठावीस वर्षं कॉलेजात मानसशास्त्र शिकवल्याची खोड आहे ती. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की ही तीन पाकिटं तुम्हीच माझ्यापुढे मांडलीत आणि मी मुकाट त्यातलं एक उचलायला निघालेय. चौथं असलं तर?

विहिरीत पडलेली घागर गळ टाकून वर काढावी तसा तुम्ही तुमचा 'खरा हेतू' काढू बघताय. तो तळाशी आहे, एकच आहे आणि आपला गळ तोकडा पडतोय, एवढीच काय ती अडचण. आपली भाषाही आपल्याला हेच शिकवत आली आहे. 'पोटात एक अन् ओठात एक' म्हणताना पोटात काय आहे ते त्या माणसाला पक्कं ठाऊक आहे, फक्त तो बोलत नाही, असं आपण धरून चालतो. 'चोराच्या मनात चांदणं' म्हणतो, तिथेही चोराला आपलं मन माहीत असतंच. पोटात काय आहे ते पोटाच्या मालकालाच माहीत नाही, यासाठी मला तरी पटकन म्हण आठवत नाही. घरोघरी घडतं मात्र तेच.

सगळाच अंधार असतो असं नाही. उद्या सहाची गाडी पकडायची, पहिल्या तारखेला हप्ता भरायचा, हे आपलं ठरलेलं आपल्याला चोख ठाऊक असतं. गडबड होते ती 'का' विचारल्यावर.

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन यांचा 1977 सालचा एक निबंध मी दर वर्षी वर्गात सांगायचे. त्यांनी दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्यांपुढे नायलॉनच्या पायमोज्यांचे चार जोड ओळीनं मांडले आणि विचारलं, यातला चांगला कुठला? लोकांनी हाताळून, ताणून बघून निवड केली. सगळ्यात उजवीकडचा जोड सगळ्यात डावीकडच्याच्या जवळजवळ चौपट लोकांनी निवडला. का निवडला? तर वीण चांगली, पोत मऊ, असं काय काय. चारही जोड एकसारखे होते. जागेमुळे निवड झाली असेल असं एकानंही आपणहून म्हटलं नाही. थेट विचारलं तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी ते झटकून टाकलं, आणि वर विचारणाऱ्याकडे असं बघितलं की याचं डोकं ठिकाणावर आहे ना!

मुली हसायच्या. मग मी म्हणायचे, लक्ष्मी रोडवर साडी घेताना आठवा. गादीवर पन्नास साड्यांचा ढीग झाल्यावर जी घेतली तिच्याबद्दल घरी येऊन काय काय सांगता? काठ बघ, पदर बघ, अंगावर कशी बसते बघ. 'पाय दुखायला लागले होते आणि तेवढ्यात ही समोर आली' असं कुणी सांगितलंय? मग हसणं जरा कमी व्हायचं.

ती माणसं खोटं बोलत नव्हती, ताई. त्यांना जे वाटत होतं तेच ती सांगत होती. आपण केलेल्या गोष्टीचं कारण आपल्याला आतून दिसतं असं वाटतं, पण पुष्कळदा आपण ते बाहेरच्या माणसासारखं जुळवत असतो. मऊ पोत हे पायमोजे निवडण्याचं शोभेसं कारण आहे, म्हणून तेच सुचतं. तुमच्या बाबतीत शोभेसं कारण कुठलं? मुलीनं आणून दिलेलं तत्त्व. आणि रात्री दोन वाजता, स्वतःला टोचून घ्यायच्या वेळी शोभेसं कारण कुठलं? हाव. दोन्ही बाहेरून आलेली आहेत. एक मुलीच्या तोंडून आलं, दुसरं गावातल्या त्या बायांच्या तोंडून, ज्या अजून काही बोललेल्याही नाहीत.

याच विल्सननं सोळा वर्षांनी, 1993 साली, सहकाऱ्यांबरोबर आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. तुमच्या जागरणांसाठी मला तो जास्त कामाचा वाटतो. विद्यार्थ्यांना भिंतीवर लावायची पोस्टरं दाखवून एक घरी न्यायला सांगितलं. काहींना आधी बसवून, कुठलं का आवडतं किंवा नाही आवडत, याची कारणं लिहायला लावली होती. बाकीच्यांना तसं काही सांगितलं नव्हतं. तीन आठवड्यांनी फोन करून विचारलं, तेव्हा कारणं लिहिणारेच आपल्या निवडीवर कमी खूश निघाले. शब्दांत पकडता येतील ती कारणं त्यांनी पकडली, न पकडता येणारी सुटली, आणि पोस्टर घेतलं ते पकडलेल्यांच्या जिवावर.

भाऊबीजेपासून तुम्ही रोज रात्री हेच करताय. जास्त विचार केला की जास्त उजेड पडेल, ही तुमची अपेक्षा. मला वाटतं, तुम्ही रोज रात्री एक नवीन यादी करताय आणि सकाळी तिला खरा हेतू म्हणताय.

माझं एक सांगते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंच्या मुलीची कॉलेजची फी मी दोन वर्षं भरली. कुणाला सांगितलं नाही (म्हणजे तीन-चार जणींनाच). मुलगी शिकावी एवढाच हेतू, शपथेवर सांगितलं असतं. तिसऱ्या वर्षी तिनं कॉलेज सोडलं आणि ब्यूटी पार्लरच्या कोर्सला नाव घातलं. मी आठ दिवस धुमसत होते. आता बघा, मुलीचं भलं व्हावं एवढीच इच्छा असती तर मला काळजी वाटायला हवी होती, फार तर हळहळ. राग कशाचा? कॉलेजच्या निरोपसमारंभात 'आमच्या कामवाल्या बाईंची मुलगी पदवीधर झाली' असं सांगायचं माझं भाषण तिनं बुडवलं होतं. ते भाषण मी मनात लिहून ठेवलंय हे मला तो राग येईपर्यंत माहीतही नव्हतं. मुलगी आज बरं कमावते. आणि हो, फी भरली ती वाईट हेतूनं भरली असंही मी म्हणणार नाही. भाषण होतं आणि माया पण होती. कुठली किती, ते मला आजही मोजता येत नाही.

सांगायचं काय, मनात डोकावून मला जे दोन वर्षं दिसलं नाही ते माझ्या आठ दिवसांच्या वागण्यातून दिसलं. म्हणून तुम्हाला काय वाटतं ते जरा बाजूला ठेवून तुम्ही काय करताय तेवढंच बघू.

जमीन हवी असणारी बाई काय करते? सातबारा काढते, तलाठ्याकडे वारसनोंदीची चौकशी करते, वकील गाठते, निदान भाव तरी विचारते. तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात जमिनीचा भाव आकड्यात कुठेच नाही. 'वाढलेत' एवढंच. तत्त्वासाठी लढणारी बाई पहिल्याच रविवारी सांगते की माझी सही मिळणार नाही. रागावलेली बाई फोन घेत नाही.

तुम्ही फोन घेता. दर रविवारी. आणि पुढच्या रविवारपर्यंत पुरेल एवढं उत्तर देता.

भाऊ एरवी सहा-सहा महिने फोन करत नव्हता, हे तुम्हीच लिहिलंय, तेही तक्रारीच्या सुरात, ओझरतं. सही झाली की ते फोनही थांबतील. नाही म्हटलंत तर बहुधा त्याहून आधी थांबतील. सही लटकलेली असेपर्यंत मात्र दर रविवारी माहेराहून फोन. हे चौथं पाकीट.

आता तुम्ही चिडाल. चिडलात तर चिडा, आणि हे खरं धरून बसू नका. मी बाहेरून बघतेय, पत्रातल्या चार ओळींवरून. पायमोज्यांना कारण जोडणाऱ्या माणसांसारखं मीही तुमच्या वागण्याला एक शोभेसं कारण जोडलेलं असू शकतं. फरक एवढाच की माझं कारण तुम्हाला पडताळून बघता येईल. येत्या रविवारी भावाचा फोन यायच्या आधी, शनिवारीच, तुम्ही त्याला फोन लावा. कागदाचा विषय काढू नका. त्यानं काढला तर 'ते पुढच्या आठवड्यात बोलू, आज सहज केलाय' एवढंच म्हणा. आणि फोन ठेवल्यावर कसं वाटतं ते बघा. असे तीन-चार शनिवार गेल्यावर सहीचा प्रश्न हलका झाला, तर मी जे म्हणतेय त्यात तथ्य आहे. तसाच जड राहिला, तर नाही, आणि मग आपण जमिनीबद्दलच बोलू.

दुसरी युक्ती अशी. अमेरिकेतल्याच कॉर्नेल विद्यापीठात निकोलस एप्ली आणि डेव्हिड डनिंग यांनी विद्यार्थ्यांना विचारलं होतं की कॅन्सरच्या मदतीसाठी डॅफोडिलची फुलं विकली जाणार आहेत, तुम्ही घ्याल का? 83 टक्के म्हणाले घेऊ. बाकीचे किती घेतील? तर 56 टक्के. प्रत्यक्षात घेतली 43 टक्क्यांनी. हे 2000 साली प्रसिद्ध झालं. म्हणजे दुसऱ्यांबद्दलचा अंदाज थोडाच चुकला, स्वतःबद्दलचा जवळजवळ दुपटीनं. तेव्हा तुमचीच गोष्ट शेजारच्या बाईची आहे असं समजा. तिला भाऊबीजेच्या दिवशी कागद पुढे केला, बी.एड.चं ते जुनं आहे, भाव वाढलाय, फोन येतायत. ती काय करील असं तुम्हाला वाटतं? आणि काय केलं तर तुम्ही तिला नावं ठेवणार नाही? तिच्या बाबतीत तुम्ही हाव की तत्त्व असा कीस पाडत बसणार नाही. 'थोडं हे असेल, थोडं ते असेल, माणूस आहे,' असंच म्हणाल. तेवढी सवलत स्वतःला द्या.

थोडं भावाबद्दल. तुमचा स्वतःचा हेतू तुम्हाला सापडत नाही, पण त्याचा मात्र अगदी लख्ख दिसलेला आहे: ओवाळणीच्या ताटाच्या भिडेनं सही उरकायची. असेलही. चिंचवडला यायला त्याला वर्षातून तो एकच दिवस मिळतो, असंही असेल. बहिणीपुढे कागद ठेवायची लाज वाटत होती आणि सणाच्या गडबडीत ती झाकली जाईल असं वाटलं असेल. किंवा बायको म्हणाली, आज नाही तर कधीच नाही. त्याला विचारलंत तर तो यातलं एक सांगेल आणि मनापासून सांगेल. ते तितपतच धरा.

आणि आईचं काय? तुमच्या पत्रात आई एकदाच येते, 'त्याच्याकडेच असते' एवढ्यापुरती. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर आईही तुमच्याइतकीच वारस आहे. तिला कुणी विचारलं का? तिची सही घेणार आहेत का? ती गेल्यावर त्या घरी जायला तुम्हाला काय निमित्त उरेल, हा प्रश्न कुणीतरी कधी मोठ्यानं बोलायला हवा. मला वाटतं, चिंचेच्या झाडाचा उल्लेख तुमच्या मूळ पत्रात चार वेळा आहे तो त्यासाठीच.

हक्काबद्दल थोडक्यात सांगते, मी वकील नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना वाटा महाराष्ट्रानं 1994 सालीच दिला होता, पण तोवर लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं होतं. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या दुरुस्तीनं ही अट गेली. 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानं मिळतो, 2005 साली वडील हयात असोत वा नसोत. जमीन वडिलांच्या स्वतःच्या कमाईची असेल आणि मृत्युपत्र नसेल तरी मुलगी वारस आहेच. यातल्या एकाही ओळीत 'मन साफ असल्यास' असं लिहिलेलं नाही. हावरट बहिणीलाही तेवढाच वाटा, त्यागी बहिणीलाही तेवढाच. म्हणून 'मन साफ झाल्यावर ठरवीन' ही अट तुम्ही स्वतःवर घातलीय, ती आधी काढून टाका. भावानं मसुदा करून आणताना त्याचं मन किती साफ होतं, हे त्याला कुणी विचारलेलं नाही.

उलट बाजूनंही तेच. सही करायची ठरली तर ती शुद्ध त्यागातूनच व्हायला पाहिजे असं नाही. भावानं जमीन कसली, आईला सांभाळलं, तुमचं घर-नोकरी चिंचवडला आहे, साडेचार एकराचे तुकडे पडले तर कुणालाच धड काही उरणार नाही, ही कारणं सही करायला पुरेशी आहेत. सही करताना मनात थोडा राग राहिला तरी ती कारणं खोटी होत नाहीत. आणि सगळं किंवा काहीच नाही, असंही थोडंच आहे? पाच गुंठे आणि झाड तुमच्या नावावर राहू शकतं का, आईच्या हयातीपर्यंत कागद थांबू शकतो का, हे विचारायला काही बिघडत नाही. शेतजमिनीचे लहान तुकडे करण्यावर कायद्याची बंधनं आहेत, म्हणून ते वकिलाला विचारूनच. वकील तुमचा हवा. भावानं ज्याच्याकडून मसुदा केला तो नको. एकदा नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मागाहून नुसत्या पश्चात्तापानं परत फिरत नाही.

मसुदा घरात असेल तर आज काढून त्याची शेवटची ओळ वाचा. बहुतेक असं काहीतरी असेल: 'हे हक्कसोडपत्र मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता लिहून दिले असे.' वकिलांची ठरलेली ओळ आहे, वाचत कुणी नाही. पण बघा, ती तुमच्याकडून काय मागते? समजून केलंय का आणि कुणी भाग पाडलंय का, एवढंच. तुमच्या रात्रीच्या प्रश्नापेक्षा ही ओळ फार सोपी आहे. आज ती वाचून 'हो' म्हणता येतं का? भाऊबीजेच्या दिवशी, ताट अजून ओलं असताना, म्हणता आलं नसतं, आणि म्हणून तुम्ही थांबलात ते बरंच केलंत. थांबण्यामागे काय होतं ते कळो न कळो.

शनिवारच्या फोनचं काय झालं ते कळवा. आणि आईशी बोलताना फोन स्पीकरवर नको म्हणावं.